झऱ्याकडचा तुकडा

पोकलेन सड्यावर चढला तेव्हा मी पडवीत शिलाई मशीनवर बसले होते. मशीन चालू असली की बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. पायाखालची जमीन किंचित थरथरल्यासारखी वाटली म्हणून मी पाय थांबवला, आणि मग तो घरघराट कानावर आला. शेजारच्या सुंदरावहिनी कुंपणाच्या दगडी गडग्याशी उभ्या राहून वर बघत होत्या.

"कुमुद, बघ गो, तुमच्या सड्यावर कायतरी चढतंय."

सडा, म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं ते कातळाचं पठार, आमचा राहिला नव्हता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तो कित्येक वर्षांपूर्वी विकला होता. पण वाडीत अजून त्याला रुमड्यांचा सडाच म्हणत. मी हातातलं ब्लाऊज तसंच सुईखाली ठेवलं, चपला घातल्या आणि वर निघाले.

सड्याची वाट घरामागच्या झऱ्यावरून जाते. जांभ्या दगडाच्या कड्याखालून तिथं पाणी पाझरतं, दगडी कुंडीत साठतं आणि काळ्या नळीतून उताराने वाडीच्या टाकीत येतं. मोटार नाही, वीज नाही. सगळी वाडी त्याच पाण्यावर. कुंडीभोवती नेचे, केवड्याचं एक बेट आणि बाराही महिने चिखल. तेवढा तुकडा सोडून वरचं सगळं अप्पांनी एका डॉक्टरांना विकलं होतं. त्या तुकड्यावर कधी काही पिकलं नाही. भात लावलं तर कुजायचं, नारळ लावला तर पिवळा पडायचा.

वर पोचले तेव्हा ट्रेलरवरून पोकलेन खाली उतरवून झाला होता. काजूच्या सावलीत एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. मला बघून तो उठून उभा राहिला. त्याचं ते उठणंच मला आवडलं नाही. मी भांडायच्या तयारीनं आले होते.

"या ताई. रुमडे ना तुम्ही? मी उत्तम शेळके. डॉक्टरांच्या मुलाकडून घेतली ही जागा."

"इथं खाण करणार आहात?"

"चिरा चांगला आहे इथला."

"खरेदीखतात अट आहे. या जागेत खाण करायची नाही, बोअर मारायची नाही. डॉक्टरांनी मान्य केली होती. त्यांच्याकडून जो कुणी घेईल त्यालाही ती लागू आहे."

"वाचलीय मी. वकिलाकडून पण वाचून घेतली," तो म्हणाला. "तुमच्या वडलांनी लई नीट लिहून घेतलंय. असं कोण लिहून घेत नाही."

"मग हे यंत्र कशाला आणलंत?"

"उभं राहू दे की. उभं राहायला काय अट नाही."

"सुरू केलंत तर मी कोर्टात जाईन."

"जावा ना ताई. तो तुमचा हक्कच आहे." त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. चहा सांगू?"

मी बसले नाही. तशीच खाली उतरले. तो ओरडला असता, दमदाटी केली असती, तर मला कळलं असतं पुढं काय करायचं ते.

त्यानंतर पोकलेन नुसता उभा होता. सकाळी अंगणात आलं की झाडांच्या वर त्याची पिवळी मान दिसायची. एक माणूस राखणीला ठेवला होता, तो दिवसभर काजूखाली झोपायचा. कुणी एक दगड हलवला नाही. वाडीतल्या बाया पाणी भरताना टाकीत वाकून बघायच्या, पाणी कमी झालंय का. कमी झालं नव्हतं. सुंदरावहिनींचे यजमान, भिकूभाऊ, म्हणाले, "खाण झाली तर वाईट काय त्यात? पोरांना मुंबईस जायला नको." त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचा मुलगा कळंबोलीला कुठल्याशा गोदामात हमाली करत होता.

अप्पांनी सडा विकला तो आईच्या आजारपणात. घेणारे डॉक्टर कोल्हापूरचे, दातांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. त्यांना काजू लावायचा होता आणि एक छोटं घर बांधून राहायचं होतं. अप्पांनी मला बरोबर घेऊन राजापूरला काझी वकिलांकडे जाऊन कागद करून घेतला. खाण नको, बोअर नको, याच्यावर ते अडून बसले. अप्पा म्हणायचे, पावसाचं सगळं पाणी सडा पोटात घेतो आणि वर्षभर पुरवून पुरवून खाली सोडतो; त्याचं पोट फाडलं की झरा संपला. डॉक्टर हसले होते. "अहो, मी दात काढणारा माणूस. दगड कशाला काढू?" त्यांनी खरंच काजू लावला. चांगला माणूस. पुढं ते गेले, अप्पाही गेले.

अप्पांनी जाण्याआधी वाटणी करून ठेवली होती. घर माझ्या नावावर केलं. मी चिपळूणहून नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. त्याने दुसरी आणून ठेवली होती आणि तिथं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. अप्पा म्हणाले होते, "या घरातून तुला कुणी ऊठ म्हणू नये." आणि झऱ्याकडचा तो तुकडा दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या नावावर. दादा डोंबिवलीला असतो. त्याने तेव्हा थट्टा केली होती, "अप्पा, हिला घर आणि मला चिखल?" अप्पा म्हणाले, "तुझं नाव गावात राहू दे." पुढं कुणी त्याचा विचार केला नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

"गुरुवारी राजापूरला येतोय," तो म्हणाला. "सकाळी पोचेन, काम झालं की परत. घरी येणं नाही जमायचं."

"कसलं काम?"

"झऱ्याकडचा तुकडा देतोय. तो सड्यावरचा शेळके घेतोय."

मी सूप खाली ठेवलं. "त्या चिखलाचं तो काय करणार?"

"मजुरांसाठी शेड घालायची म्हणतो. मला काय करायचंय? भाव चांगला देतोय, कुमे. एवढा भाव त्या जागेला जन्मात येणार नाही."

"आणि पाणी?"

"पाण्याचं मी आधी बोललो. कुंडीला हात लावणार नाही, वाडीची नळी तशीच राहील, असं लिहून देतोय तो. मी एवढा वेडा आहे काय?"

पाणी राहणार, नळी राहणार, लिहून मिळणार. खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण फोन ठेवल्यावर मला जेवण जाईना. एवढी ऐसपैस सपाट जागा वर सड्यावर पडलेली असताना मजुरांची शेड त्या उतारावरच्या चिखलात कोण घालेल? आणि जो माणूस अट वाचून नुसता वाट बघत बसला होता तो वाट कशाची बघत होता? मला उत्तर सापडत नव्हतं, पण उत्तर आहे आणि ते वाईट आहे, एवढं आतून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी राजापूर गाठलं. काझी वकील रत्नागिरीला कोर्टात गेले होते, संध्याकाळी उशिरा यायचे होते. त्यांच्या सूनबाईंनी पाणी दिलं, उद्या सकाळी या म्हणाल्या. उद्याच गुरुवार होता. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात दादाशी वाद घालत होते, आणि दर वेळी तोच जिंकत होता, कारण मला काय म्हणायचंय ते मलाच माहीत नव्हतं.

गुरुवारी पहिल्या गाडीने गेले. काझी वकील ओसरीवर पेपर वाचत होते. वय झालेलं, पण अप्पांना विसरले नव्हते. मी सगळं सांगितलं. शेळके, पोकलेन, दादाचा फोन. ते ऐकता ऐकता पेपराची घडी करत गेले, आणि तुकडा विकायची गोष्ट आली तेव्हा त्यांचे हात थांबले.

"तुमच्या वडिलांनी तो तुकडा न विकता का ठेवला, तुम्हाला माहीत आहे?"

"पाण्यासाठी. कुंडी तिथं आहे म्हणून."

"कुंडीसाठी नुसता हक्क लिहून ठेवला असता तरी चाललं असतं. ते तर सगळंच विकायला निघाले होते, डॉक्टरांनाही सलग जागा हवी होती. मी त्यांना थांबवलं." ते खुर्चीत पुढं सरकले. "बाई, विकलेल्या जमिनीवर माणूस सहसा अट ठेवू शकत नाही. ज्यानं घेतली तो मालक, तो त्याच्या मनाचं करणार. अट टिकते ती एकाच कारणानं. माझी उरलेली जमीन शेजारी आहे आणि तिच्या भल्यासाठी ही अट आहे, असं असलं तर. मी कागदात तसंच लिहिलं. वरची खाण-बोअरबंदी ही खालच्या झऱ्याच्या जमिनीसाठी. त्या तुकड्यावर ती अट उभी आहे."

"मग तुकडा शेळक्यानं घेतला तर?"

"तर वरची जमीन त्याची आणि खालचीही त्याचीच. अट मोडू नकोस असं तो स्वतःलाच बजावणार का? अट त्या दिवशी संपली."

"पण पाण्याचं तो लिहून देतोय."

"वाहत्या पाण्याचं देतोय. कुंडी तशीच ठेवील, नळी तशीच ठेवील. वर खणल्यावर कुंडीत पाणी येईल की नाही, याबद्दल त्यात एक शब्द नसणार. जमिनीच्या पोटातून पाणी कसं येतं ते कोर्टात सिद्ध करायला गेलात तर तुमचे केस पिकतील." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "भाऊ कुठं आहेत आत्ता?"

मी दादाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग तशीच निघाले. दस्त नोंदवायचं निबंधकाचं ऑफिस पलीकडच्या चौकात होतं. रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत सुटले, जवळजवळ धावतच. दादाला कसं सांगायचं ते वाक्य मी वाटेत तयार करत होते. त्याला माहीतच नाही, हा माझा सगळा आधार होता. कळलं की तो सही करणार नाही. तसा तो अप्पांचाच मुलगा होता.

ऑफिसच्या जिन्यावर, व्हरांड्यात, सगळीकडे माणसं. पक्षकार, साक्षीदार, दस्त लिहिणारे. दादा बाकावर शेळक्याच्या शेजारी बसला होता. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा ओढलेला. मला बघून तो दचकला नाही. शेळके मात्र पुन्हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा ताई." मी दादाला म्हटलं, "जरा बाहेर ये."

आम्ही खाली झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला उभे राहिलो. मी भराभर सांगितलं. काझी वकील काय म्हणाले, अट कशावर उभी आहे, तुकडा गेला की काय होईल. दादा ऐकत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला,

"मला माहीत आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"शेळक्यानंच सांगितलं," दादा म्हणाला. "पहिल्याच दिवशी. चिखलाला एवढा भाव का देतोस, असं विचारलं मी. त्यानं लपवलं नाही. तो म्हणाला, मला तुमची जमीन नको, मला ती अट संपवायची आहे."

"आणि तरी तू..."

"आमची बिल्डिंग धोकादायक ठरवलीय, कुमे. नोटीस लागून वर्ष होत आलं. हॉलच्या स्लॅबचे पोपडे पडतात. मागच्या महिन्यात रेवतीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला एक, ती नुकतीच उठली होती म्हणून. तुझी वहिनी झोपत नाही. बसून राहते, वर बघत. मी म्हणतो झोप, तर म्हणते, दोघांनी झोपून कसं चालेल." तो हे अगदी सपाट आवाजात सांगत होता. "पागडीची जागा. दुसरीकडे जायचं तर हातात काहीतरी हवं. कंपनीत मागितलं, बँकेत मागितलं. जिथं मागायचं तिथं सगळं मागून झालं. आणि मग हा माणूस आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय करणार होतीस? ब्लाऊज शिवून?" त्याने लगेच जीभ चावली. मग म्हणाला, "तसं म्हणायचं नव्हतं मला. पण तू मला सांग. वाडीचं पाणी गेलं तर ओरड होईल, टँकर येईल, पेपरात येईल. माझ्या पोरीच्या डोक्यावर स्लॅब आला तर कोण येणार आहे?"

मी येता येता जुळवलेली वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. तो फसला नव्हता. त्याने दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघून ठरवलं होतं, आणि एका पारड्यात त्याची मुलगी होती. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला स्वतःला विचारायचं धाडस झालं नाही.

वरून कुणीतरी हाक मारली. "रुमडे, दिगंबर रुमडे, चला."

दादा वळला. मी त्याचा हात धरला.

"घर घे," मी म्हणाले.

"काय?"

"माझं घर घे, मला तो तुकडा दे. अदलाबदल. घर विक, त्याचं पुष्कळ येईल. रस्त्याला आहे, परसासकट आहे. शेळके देतोय त्यापेक्षा जास्तच येईल."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "आणि तू कुठं जाणार?"

"ते मी बघीन."

"त्या चिखलात राहणार?"

"बघीन म्हटलं ना."

"अप्पांनी ते घर तुला का दिलं ते विसरलीस तू."

"नाही विसरले."

पुन्हा हाक आली. शेळके जिन्यात येऊन उभा होता. त्याने बहुतेक शेवटचं ऐकलं होतं. तो दोन पायऱ्या खाली उतरून म्हणाला, "ताई, घर देऊ नका. बाईमाणसानं राहतं घर देऊ नये. हवं तर तुमच्या घरापुरती मी लांबून पाण्याची लाइन आणून देतो, माझ्या खर्चानं. मी वाईट माणूस नाही." त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. मला आजही वाटतं, तो ते मनापासून बोलला.

"दादा," मी म्हटलं. त्याने हात सोडवून घेतला आणि शेळक्याच्या मागोमाग जिना चढून गेला.

मी वर गेले तेव्हा ते आतल्या खोलीत शिरले होते. दार लोटलेलं. दाराशी शिपाई. आत फक्त पक्षकार आणि साक्षीदार, असं त्याने सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. एक नवविवाहित जोडपं लग्नाच्या नोंदणीचं विचारत होतं, त्यांच्याबरोबरच्या बाईने मला पेढा दिला. मी तो हातात धरून ठेवला. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी खोकलं. मला घर दिसत होतं, पडवी, मशीन, सुईखाली राहिलेलं कापड. आणि टाकीत वाकून बघणाऱ्या बाया. दोन्हींतलं एक आपल्या हातून निघून चाललंय आणि आपण पेढा धरून उभ्या आहोत, असं वाटत होतं. दादा एकदा ठरवलं की बदलत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

दार उघडलं. आधी शेळके बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो माझ्याकडे न बघता फोन लावत व्हरांड्याच्या टोकाला गेला. मागून दादा आला. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, पण आता शाई लागत नाही, यंत्रावर ठेवतात अंगठा.

"झालं?" मी विचारलं.

तो बाकावर बसला. "कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्या साहेबबाईंनी विचारलं, दस्त वाचलाय ना, स्वखुशीनं देताय ना? सगळ्यांनाच विचारतात त्या, माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी." त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "मला हो म्हणता येईना. मागं रांग उभी होती. त्या म्हणाल्या, लवकर सांगा. मी म्हटलं, आज नको."

मी त्याच्या शेजारी बसले. माझ्या हातातला पेढा पार मऊ झाला होता. तो मी त्याला दिला आणि त्याने तो खाल्ला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"तू खरंच देणार आहेस घर?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "मला नाही म्हणायची ताकद नाही, कुमे. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"नाही म्हणू नकोस," मी म्हणाले.

अदलाबदलीचा कागद काझी वकिलांनीच केला. सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एकटीला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, आता तो तुकडा तुमचा होणार. घर त्याला लागूनच आहे. तुमची इच्छा असेल तर घरावरही अट घालता येईल. पाडू नये, वर मजला चढवू नये, तुमचा काही वापर राहावा, काय हवं ते. टिकेल अशी लिहून देतो." मी विचार करायला वेळ मागितला नाही. नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणाले. मग त्यांनी पुढच्या कागदाला हात घातला.

शेळक्याने शेवटी खणायला सुरुवात केलीच. त्याला वाटलं असावं, घर गेलेली बाई कोर्टात कुठून जाईल. तुकड्याची मालकीण म्हणून मी दावा लावला, काझी वकिलांनी सड्याचा आणि तुकड्याचा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि मनाई हुकूम मिळाला. खटला रेंगाळला, अजून पुरता निकाल नाही. पण पोकलेन आला त्याच रस्त्याने खाली उतरला. जाताना शेळके दारात आला आणि रीतसर निरोप घेऊन गेला. सड्यावर एका कोपऱ्यात तो खड्डा अजून आहे, पावसाळ्यात त्यात म्हशी बसतात.

भिकूभाऊंनी मला त्यांचा मांगर राहायला दिला. गुरं विकल्यापासून तो रिकामाच होता. जमीन सारवून घेतली, वर पत्रे होते, उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. खाण हवी म्हणणारे तेच होते, आणि भाडं म्हणून त्यांनी कधी काही घेतलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

घर दादाने रत्नागिरीच्या एका हॉटेलवाल्याला विकलं. डोंबिवलीतच, पण दुसऱ्या बाजूला, नव्या इमारतीत ते राहायला गेले. वहिनीने फोन केला होता. पहिले काही दिवस सवयीने जाग यायची म्हणाली, मग आपोआप थांबलं.

हॉटेलवाल्याला तिथं दोन मजली लॉज बांधायचं होतं. मे महिन्यात त्याने घर उतरवायला घेतलं. नेमका तेव्हाच दादा दोन दिवसांसाठी आला होता, माझ्याकडे मांगरात. सकाळपासून आम्ही दोघं सुंदरावहिनींच्या गडग्यावर बसून बघत होतो. माणसं छपरावर चढली होती आणि कौलं एका हातातून दुसऱ्या हातात देत खाली उतरवत होती. आधी पडवीचं छप्पर गेलं. मग माजघराचं. आतल्या भिंतींवर ऊन पडलं, तिथं आजवर कधी पडलं नव्हतं.

"काझी वकील भेटले होते काल राजापूर स्टँडवर," दादा म्हणाला. "म्हणाले, घर पाडू नये अशी अट घालून देतो म्हटलं होतं तुझ्या बहिणीला. ती नको म्हणाली."

"हो."

"का?"

मी छपराकडे बघत होते. "अटीसकट कुणी घेतलं असतं घर तुझ्याकडून? आणि घेतलं असतं तर काय दिलं असतं?"

खालच्या माणसाने कौलांची थप्पी लावता लावता आम्हाला विचारलं, जुनी कौलं आहेत, मालक टाकून द्या म्हणालेत, कुणाला हवी असली तर न्यावीत. दादा गडग्यावरून उतरला. पॅन्ट दुमडली, शर्ट काढून माझ्याकडे दिला आणि जितकी हातात मावतील तितकी कौलं उचलून मांगराकडे चालू लागला.

तो दिवसभर कौलं वाहत होता. मी मदतीला गेले तर मला शिवू देईना. संध्याकाळी मांगराच्या भिंतीशी कौलांची रांग लागली होती आणि त्याचे तळवे सोलून निघाले होते. मी त्यांना खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ऑफिसला फोन करून रजा वाढवून घेतली, आणि भिकूभाऊंकडे शिडी मागायला गेला.